समोरून येण्याचा नियम

माझ्या भावाच्या एका शोधनिबंधाचा जगात नऊशे बारा जणांनी आधार घेतलाय. हा आकडा मला पाठ आहे, कारण उधन्याच्या आमच्या घरात तो टीव्हीच्या वर चिकटवलेला असायचा. आकडा वाढला की योगराज स्वतः येऊन कागद बदलायचा. आईला वाचता येत नाही, बाबा अंगठेबहाद्दर, तेव्हा तो कागद नक्की कोणासाठी लावलाय हे मी कधी विचारलं नाही.

योगराज सुरतेतल्या एका इंजिनिअरिंग संस्थेत शिकवतो. आपली आपण चालणारी यंत्रं माणसांच्या गर्दीतून वाट कशी काढतील, हा त्याचा विषय. मी त्याची मोठी बहीण गायत्री. कामरेजच्या रस्त्यावरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. तुला माझं काम कळायचं नाही, असं तो म्हणायचा. मी म्हणायचे, तुझं काम माझ्याच वॉर्डात फिरतंय, न कळून जाईल कुठे.

फिरत होतं हे खरं होतं. कमरेएवढी उंच, पांढरी, खण असलेली एक पेटी, खाली चाकं. तळमजल्यावरून डोळ्यांचे ड्रॉप, पट्ट्या आणि फायली घेऊन ती वर यायची आणि रिकामी होऊन परत जायची. आम्ही सगळे तिला गाडी म्हणायचो. ती चालायची योगराजच्या नियमावर. नियम असा: माणूस पाठमोरा असेल तर त्याच्या मागून जवळ जायचं नाही. लांबचा वळसा घेऊन त्याच्या समोर यायचं, दोन हात अंतरावर थांबायचं, त्याचा चेहरा आपल्याकडे वळला, वाट मोकळी झाली की मग पुढे सरकायचं. इतकंच. यावर त्याने चौदा पानं लिहिली, त्यातली पाच नुसत्या गणिताची. त्याआधीची यंत्रं सगळ्यात जवळची वाट धरायची आणि माणसं दचकायची. याच्या नियमाने कोणी दचकत नव्हतं. परदेशातल्या एका मोठ्या प्राध्यापकाने पत्र लिहून विचारलं, हे तुम्हाला कसं सुचलं? योगराजने उत्तर दिलं, निरीक्षणातून.

ते खोटं नव्हतं. आमचे बाबा, हिलाल भदाणे, चौतीस वर्षं उधन्यात कापडाच्या लूमवर होते. एका शेडमध्ये ऐंशी-नव्वद मशीन, बारा-बारा तासांची पाळी, त्या खडखडाटात त्यांचे कान गेले. मी शाळेत जायला लागले तेव्हा त्यांना ओरडून सांगितलं की कळायचं. योगराज चालायला लागला तोवर तेही संपलं. शेडमध्ये कोणी कोणाला मागून हात लावत नाही, कारण चालू मशीनवर वाकलेला माणूस दचकला तर त्याचा हात कुठे जाईल सांगता येत नाही. कारागीर लांबून वळून समोर येतो, उभा राहतो, नजर मिळाली की हातवाऱ्यांनी बोलतो. बाबांनी ती रीत घरी आणली. आई आम्हाला दटावायची, "मांगून नको जाऊ रे, समोर जाईसन उभा ऱ्हा. देखी तो." योगराज दोन वर्षांचा असल्यापासून बाबांच्या समोर जाऊन उभा राहतोय. तो नियम त्याच्या पायांतच होता. निबंधात मात्र बाबांचं नाव कुठेच नव्हतं. मला त्याचा राग होता आणि तो मी दर दिवाळीला न चुकता बोलून दाखवत होते.

गेल्या मार्चमध्ये त्याची प्रोफेसरपदासाठी मुलाखत होती. सहा वर्षं तो खालच्या पायरीवर अडकला होता, आणि या वेळी हुकलं तर पुन्हा जागा निघेपर्यंत बसा. अर्जात एक नवा रकाना आला होता: संशोधनाचा समाजावर झालेला परिणाम, पुराव्यासह. तिथे नऊशे बारा चालत नव्हते, जिवंत माणसं लागत होती. म्हणून दवाखान्याचं पत्र हवं होतं. पत्र योगराजनेच लिहून आणलं. 'आठ महिन्यांत एकही अपघात नाही' हे वाक्य ठळक अक्षरांत होतं. खाली सही वॉर्ड इन्चार्जची, म्हणजे माझी. बहिणीची सही चालते का, असं मी विचारलं. आडनाव वेगळं आहे, म्हणाला. मी पत्र टेबलाच्या खणात ठेवलं, शुक्रवारी सही करते म्हटलं. गुरुवारी दुपारी चार वाजता इंदुबाई पडल्या.

इंदुबाई परभणीकडच्या, साठीच्या पुढच्या, सुरतेत पर्वत पाटियाला मुलाकडे राहणाऱ्या. एका डोळ्याचं ऑपरेशन सकाळी झालेलं, त्यावर पट्टी. दुसऱ्या डोळ्यातला मोतीबिंदू इतका पिकलेला की उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. भिंतीला हात लावत त्या बाथरूमकडे निघाल्या होत्या. मी माझ्या टेबलावरून बघत होते. गाडी मागून आली. सरळ बाजूने निघून गेली असती तर इंदुबाईंना पत्ताही लागला नसता. पण तिने नियम पाळला. भिंतीपासून लांब गेली, वळसा घातला, त्यांच्या समोर येऊन दोन हातांवर थांबली. इंदुबाईंचा चेहरा समोरच होता, म्हणजे त्यांनी आपल्याला पाहिलं अशी तिची समजूत झाली. त्या बाजूला होतील म्हणून ती थांबून राहिली. इंदुबाई थेट तिच्यावर चालून गेल्या आणि आडव्या पडल्या.

मी पळत पोचले तोवर उजवं मनगट मोडलं होतं. गाडी जागची हलली नव्हती. अगदी सभ्यपणे उभी होती. त्या सभ्यपणाची मला इतकी चीड आली की मी तिला लाथ मारली. हे मी रजिस्टरमध्ये लिहिलेलं नाही.

बाकी सगळं लिहिलं. आमच्याकडे वॉर्डात कोणी पडलं की एक वेगळं रजिस्टर भरावं लागतं. व्यवस्थापक पल्लवीबेन माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. "लपसी गया एम लखी नाखो ने, गायत्रीबेन," त्या म्हणाल्या. फरशी ओली होती, बाई घसरली, असं लिहिलं की गाडीचा विषयच येत नाही, भावाचंही बरं होतं. त्या वाईट बाई नाहीत. मला मदत करतोय असंच त्यांना वाटत होतं. मी म्हटलं, फरशी कोरडी होती. त्या निघून गेल्या.

रजिस्टरमध्ये एक रकाना पेशंटच्या स्वतःच्या शब्दांसाठी असतो. तो बहुतेक जण 'तोल गेला' लिहून मोकळा करतात. मी प्लास्टर घातलेल्या इंदुबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला काय म्हाईत, ते समोर येऊन उभं हाये म्हणून? आमच्याकडं सासरासुद्धा घरात शिरताना खाकरतो, म्हंजी सुनंला कळावं. एवढी मोठी गाडी, हिला खाकराया काय धाड भरली व्हती?" मी ते जसंच्या तसं उतरवलं. तारीख, वेळ, सही.

शुक्रवारी योगराजचा फोन आला. "ताई, झाली का सही?" मी म्हटलं, रविवारी घरी ये, मग बोलू.

रविवारी आई वरण-बट्टी करत होती आणि बाबा कोथिंबीर आणायला खाली गेले होते. मी रजिस्टरच्या त्या पानाचा फोटो काढून नेला होता. योगराजने तो दोनदा वाचला.

"आठ महिन्यांत एक केस, ताई. एकच."

"तिला उजवं मनगटही एकच आहे."

"पट्टी बांधलेल्या पेशंटने एकटं फिरायला नको होतं."

"डोळ्यांच्या दवाखान्यात पट्टी बांधलेलेच पेशंट असतात. तू गाडीला आवाज का दिला नाहीस?"

त्याने वर्गात शिकवतात तसं सांगायला सुरुवात केली. आवाज मुद्दामच नाही. वॉर्डात आधीच गोंगाट असतो. शांतता हे त्या पद्धतीचं वैशिष्ट्य आहे. निबंधात त्यावर एक अख्खं पान आहे आणि लोक त्या पानाचं विशेष कौतुक करतात.

"ते पान तू कधी लिहिलंस?"

त्याने फोन मला परत दिला. मग म्हणाला, "नंतर. परीक्षकाने विचारलं होतं, आवाज का नाही म्हणून."

"म्हणजे तुला आवाज सुचलाच नव्हता. आपल्या घरात कोणी कोणाला हाक मारत नाही. तुला वाटलं, सगळं जग असंच असतं."

तो लाल झाला. आई बट्ट्या परतत होती, तिने मान वर केली नाही.

"तू सही करणार आहेस की नाही?"

"या पत्रावर नाही."

"सरळ सांग ना मग, मी प्रोफेसर झालेलं तुला बघवत नाही. मला इंजिनिअरिंगला पाठवलं आणि तुला नर्सिंगला, त्याचा राग आहे तुझा. अजून आहे."

"आहे," मी म्हटलं. "पण तो वेगळ्या रजिस्टरमध्ये आहे. हे इंदुबाईंचं आहे."

तेवढ्यात जिन्यात बाबा खाकरले.

आईने डोक्यावर पदर घेतला. मी दारातली माझी पिशवी जवळ ओढली. योगराजने बसल्या बसल्या खुर्ची भिंतीकडे सरकवली आणि वाट मोकळी झाली. तिघांपैकी एकानेही दाराकडे पाहिलं नव्हतं. मग बाबा आत आले, आईच्या समोर जाऊन उभे राहिले, तिने वर पाहिल्यावर कोथिंबिरीची जुडी तिच्या हातात दिली.

बाबा रोज असेच येतात. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर एकदाच खाकरतात, जास्त नाही. ती खाकर त्यांना स्वतःला गेल्या तीस वर्षांत ऐकू आलेली नाही, तरी एक दिवस चुकलेली नाही.

योगराज खुर्चीच्या दांड्यावरच्या आपल्या हाताकडे बघत होता. "मी खुर्ची का सरकवली?" त्याने विचारलं. कोणाला विचारलं कोण जाणे.

"तुना बाप उना ना," आई म्हणाली. "म्हनीसन." बाप आला म्हणून, इतकं साधं.

बाबांपर्यंत कसं जायचं, एवढाच अर्धा नियम त्याने उचलला होता. बाबा आमच्यापर्यंत कसे येतात, तो अर्धा घरीच राहिला होता. आणि नऊशे बारा जण तो अर्धाच नियम घेऊन गेले होते. त्याने तीन बट्ट्या खाल्ल्या, हात धुतला आणि म्हणाला, "तू लिही पत्र. जे झालं ते."

मी एक पान लिहिलं. आठ महिने गाडीने आमच्या बायकांच्या जिन्यावरच्या खेपा वाचवल्या, तेही लिहिलं, कारण ते खरं होतं. मग इंदुबाईंचं मनगट लिहिलं. तो न वाचता घेऊन गेला. पुढे कळलं की त्याने ते फाइलमध्ये सगळ्यांत वर लावलं होतं. मुलाखतीत एकाने विचारलं, म्हणजे तुमचा हा गाजलेला निबंध चुकीचा आहे? योगराज म्हणाला, अर्धा. जागा दुसऱ्याला मिळाली. तीन आठवडे तो उधन्याला फिरकला नाही. मला वाईट वाटलं, फार वाटलं. पण पत्र पुन्हा लिहायला बसवलं असतं तरी मी तेच लिहिलं असतं.

एप्रिलमध्ये तो वॉर्डात आला. माझ्याशी धड बोलला नाही, गाडीला आवाज बसवायला लागला. आधी बारीक शिट्टी बसवली. पेशंटना वाटलं आपलंच काही बिघडलंय, सगळ्यांनी एकदम बेल वाजवल्या. मग 'कृपया बाजूला व्हा' म्हणणारा बाईचा आवाज आला. म्हाताऱ्या त्या बाईला कुठल्या गावची म्हणून विचारायला लागल्या आणि उत्तर मिळेना म्हणून रागावल्या. मग एक धून लावली, ती टेम्पो मागे घेताना वाजते तशी होती. तिने सगळा वॉर्ड भिंतीला चिकटला. डॉक्टर म्हणाले, हे प्रकार बंद करा.

त्याच आठवड्यात इंदुबाई प्लास्टर काढून डोळा दाखवायला आल्या. मी योगराजला त्यांच्यासमोर बसवलं. ज्याच्या गाडीने हात मोडला तो हाच, असं सांगितलं. इंदुबाईंनी नव्या डोळ्याने त्याला नीट बघून घेतलं. "मी सिस्टरला सांगितलंय की," त्या म्हणाल्या. "खाकरायचं असतंय बाबा. हटा म्हणायचं नसतंय, आन् पिपाणी तर नाहीच नाही. खाकरलं की ज्यानं त्यानं समजून घ्यावं."

त्यानंतर तो आठवडाभर रोज उधन्याला गेला आणि जिन्यात रेकॉर्डिंगला लावलेला फोन लपवून ठेवला. आईला सांगितलं होतं. बाबांना सांगायचं कसं, हा प्रश्न होता. आमचे हातवारे लूमच्या शेडमधून आलेले. त्यांत धागा तुटला याला खूण आहे, चहाला आहे, मालक आलाय याला दोन आहेत. आवाजाला खूणच नाही. तिथे त्याची कधी गरजच पडली नव्हती.

मे महिन्यात गाडी बाबांच्या आवाजात खाकरू लागली. पहिल्या दिवशी मी औषधांच्या कपाटाकडे तोंड करून उभी होते. मागे ती खाकर आली आणि मी खाली ठेवलेली पिशवी उचलून बाजूला झाले. वळून पाहिलं तर गाडी. पलीकडच्या खाटांवरच्या तीन बायकांनी डोक्यावरून पदर घेतले होते. पट्टी बांधलेला एक माणूस भिंतीकडे सरकून "या" म्हणाला. दोन महिन्यांत चौदाशे खेपा झाल्या. एकदाही कोणाला धक्का लागला नाही, कोणी दचकलं नाही.

योगराजने चार पानांची दुरुस्ती लिहिली. शेवटी दोन माणसांचे आभार मानले, इंदुबाईंचे आणि हिलाल भदाणे यांचे. संपादकांनी विचारलं, श्री. भदाणे कोणत्या संस्थेत असतात? त्याने लिहून पाठवलं, लूम शेड, उधना. ते तसंच छापलं गेलं. आजवर त्या दुरुस्तीचा आधार अकरा जणांनी घेतलाय. चूक नऊशे बारा जणांनी नेली आणि दुरुस्ती अकरा जणांनी, हे मला फार लागतं. त्यालाही लागत असावं, कारण पहिल्या निबंधाच्या लोकांना तो एकेक करून पत्र लिहितो, आवाज जोडा म्हणून. टीव्हीच्या वरचा कागद त्याने बदलला. आता तिथे अकरा लिहिलंय.

ऑगस्टमध्ये बाबांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन माझ्याच वॉर्डात झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी निघाली. त्यांना थोडं चालवायला म्हणून मी आणि योगराज दोन बाजूंना होतो. गाडी मागून आली आणि खाकरली. पुढची माणसं बाजूला झाली. बाबा चालतच होते. गाडीने लांबचा वळसा घातला, त्यांच्या समोर आली आणि दोन हातांवर थांबली.

बाबाही थांबले. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग हनुवटी किंचित उचलली. शेडमध्ये समोर येऊन उभ्या राहिलेल्या माणसाला, पाहिलं तुला, असं सांगायची ती रीत. गाडीने दुसऱ्यांदा खाकरून वाट मागितली.

"गुनी शे रे," बाबा मोठ्याने म्हणाले. त्यांना आपला आवाज कळत नाही, म्हणून ते नेहमी मोठ्यानेच बोलतात. "समोर ईसन उभी ऱ्हायनी. पन हाई काही बोलस नही का?"

अख्खा वॉर्ड हसला. योगराज हसला नाही. तो बाबांच्या समोर जाऊन उभा राहिला, त्यांनी आपल्याकडे बघेपर्यंत थांबला. हात वर केला, पण खूण सापडेना. एकदा गाडीकडे बोट दाखवलं, एकदा बाबांच्या गळ्याकडे. शेवटी त्याने आपला तळवा बाबांच्या छातीवर ठेवला आणि तसाच धरून ठेवला. त्याचे डोळे भरून आले होते. माझेही आले.

बाबांनी खाली पाहिलं. त्यांना वाटलं, शर्टाचं बटण उघडं राहिलंय. त्यांनी वरपासून एकेक बटण चाचपलं, सगळी लागलेली होती. तरी गळ्याजवळचं एक होतं, जे एरवी ते उघडंच ठेवतात, तेही लावून टाकलं, आणि बाजूला होऊन गाडीला वाट दिली.